एकट्याचं आडनाव

आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहील, कारण त्या आडनावाची घरं उभ्या महाराष्ट्रात दोनच होती. एक जव्हारला, ज्यात मी भाड्यानं राहत होते. दुसरं मोखाड्याकडं, पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर. आणि या दोन घरांचं एकमेकांशी नातं काय, हे शोधण्यात आमच्या घरमालकांचं सगळं आयुष्य गेलं.

मी जव्हारच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आले, ती नव्वदीची सुरुवात होती. खोली बघायला गेले तर त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. मी कपाळाला आठ्या घातल्या. आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते काय मला ठाऊक नव्हतं? ते त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "जात नको हो बाई. जात मी कोणाची विचारत नाही. आडनाव सांगा आणि ते आलं कुठून ते सांगा." मला माझं आडनाव कुठून आलं ते सांगता येईना. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की घराची किल्ली विसरून बाहेर पडलेली बाई ही! खोली मात्र दिली.

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी नोकरी अंगातून गेली नव्हती. नळाला पाणी आलं की शिट्टी मारायचे. नाही आलं तर खिडकीशी येऊन ध्वनिक्षेपकाच्या आवाजात सांगायचे, "बाई, पाणी उशिरा धावत आहे." बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वयंपाक स्वतः करायचे आणि आमटीत मीठ जास्त पडलं तरी कोणाला दोष देता येत नाही, याचं त्यांना दुःख होतं.

नोकरीत असताना त्यांनी एक उद्योग केला होता, तो गावात अजून सांगितला जायचा. नाशिकची गाडी लागली, डहाणूची गाडी लागली, अशी घोषणा झाली की मधेच स्वतःचं आडनाव घेऊन ते पुकारायचे, "या आडनावाचे कोणी प्रवासी असल्यास त्यांनी नियंत्रकांना भेटावं." लोकांना वाटायचं, कोणीतरी हरवलंय. वरिष्ठांनी समज दिल्यावर घोषणा थांबली, शोध थांबला नाही. बदलून आलेल्या प्रत्येक माणसाकडं ते त्याच्या जिल्ह्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी मागायचे. लग्नपत्रिका कोणाचीही असो, निमंत्रकांची यादी शेवटपर्यंत वाचायचे. गावात त्यांचं नाव पडलं होतं 'जनगणना'. स्टँडसमोर छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते म्हणायचे, "मेरा आडनाव हर साल पूछते हैं. मी म्हणतो, साहेब, अजून बदललं नाही."

मीसुद्धा हसायचे. मग एकदा त्यांनी मला मूळ गोष्ट सांगितली आणि माझं हसणं थांबलं.

त्यांचे वडील वारले तेव्हा ते पंचविशीतले. भटजींनी विचारलं, "सुतक कोणाकोणाला?" आपल्याकडं सुतक भावकीला लागतं. माणूस गेला की त्या रक्ताची, त्या आडनावाची घरंच्या घरं दहा दिवस देव बंद ठेवतात, गोडधोड करत नाहीत. यांनी मागं वळून पाहिलं. शेजारी होते, स्टँडवरचे सोबती होते, आईच्या माहेरचे होते, लग्न होऊन परघरची झालेली बहीण होती. भाऊबंद एकही नव्हता. म्हणाले, "मला एकट्याला." पुढं बायको गेली तेव्हाही तेच. "बाई," ते मला म्हणाले, "माणूस मरतो त्याचं काही नाही. पण मी मेल्यावर जगात एकही देव बंद राहणार नाही, हे काही बरं नाही." हे ते अगदी साध्या आवाजात बोलले, गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं.

आता दुसरं घर. पोशेऱ्याकडचे म्हातारे बाजाराच्या दिवशी जीपनं जव्हारला यायचे आणि बाजार आटोपला की आमच्या ओट्यावर टेकायचे. नागलीची म्हणजे नाचणीची, नाहीतर रानातल्या करटुल्यांची पुरचुंडी ठेवायची, तंबाखू मळायची, चहा घ्यायचा. हे त्यांना 'भाऊ' म्हणत, ते यांना 'भाऊ' म्हणत. पण ती हाक म्हणजे अजून निकाल न लागलेला दावा होता. आमच्या घरमालकांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, "ते आपल्याकडं गडी होते, म्हणून त्यांनी आपलं नाव लावलं." म्हाताऱ्यांच्या घरात नेमकी उलटी गोष्ट सांगत. म्हातारे मिस्कीलपणे म्हणायचे, "तुमचा आजा आमचेतूनच गेला. संस्थानाचे चाकरीला गेला, चपला घातल्या, आन मंग त्याला आमचा पाडा दिसंना झाला." यावर आमचे घरमालक म्हणायचे, "पुरावा?" म्हातारे म्हणायचे, "तुमचेकडं तरी कुठं हाय?" मग दोघं चहा प्यायचे. अशी वर्षं गेली.

गंमत बघा, स्वतःच्या वडिलांचं म्हणणं खोटं ठरावं अशीच घरमालकांची मनातून इच्छा होती. गडी निघाले असते तर आडनाव उसनं आणि हे पुन्हा एकटे. पाड्यावरून उठून आले असते तर सख्खी भावकी. गावातल्या त्यांच्या सोयऱ्यांना ही कल्पना रुचत नव्हती. "नसते उकिरडे कशाला उकरता?" असं एकानं माझ्यासमोर ऐकवलं होतं. यांनी त्याला त्याच्या आडनावाचं मूळ विचारून गप्प केलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला त्यांच्या बहिणीचा अमेरिकेतला मुलगा सुट्टीवर आला आणि मामासाठी एक डबी घेऊन आला. गालाच्या आतून घासायच्या कापूस लावलेल्या कांड्या, नळ्या, पाकिटं. तिकडं लोक आपलं मूळ शोधायला असं करतात, म्हणाला. घरमालक डबी घेऊन माझ्या दाराशी. मी त्यांना फळ्यावर शिकवतात तसं शिकवलं. एक गुणसूत्र असं असतं, की ते बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जवळजवळ जसंच्या तसं जातं. मुलीकडं जात नाही. दोन पुरुषांचा पूर्वज बापाच्या बाजूनं एक असेल, तर ते जुळतं.

"म्हणजे आडनावासारखंच," ते म्हणाले.

"तसंच म्हणा."

त्या रात्री त्यांनी आमटीच केली नाही. नुसता भात खाल्ला आणि डबी देवासमोर ठेवली.

माझ्या परीक्षा चालू होत्या, म्हणून पाड्यावर ते एकटेच गेले. स्वतःच्या गालाची कांडी घरी घासून झाली होती. म्हाताऱ्यांच्या तोंडात तंबाखू होती आणि कागदावर तर लिहिलेलं, आधी तासभर काही खाऊ नये. म्हाताऱ्यांचं तोंड तासभर रिकामं राहणं शक्य नव्हतं. तेव्हा घरमालक सगळं समजावून डबी तिथंच ठेवून आले. "व्यवस्थित सांगितलंय," मला म्हणाले. "घरातला पुरुष पाहिजे, आपलं आडनाव लावणारा पाहिजे, बाईमाणूस नको." पुढच्या बाजाराला म्हाताऱ्यांचा मुलगा बंद पाकीट घेऊन आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, हसला की डोळे बारीक होणारा माणूस. आमच्या घरमालकांनी ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

निकाल भाच्यानं मेलवर पाठवला. मी तो स्टँडजवळच्या कंप्युटर क्लासमधून छापून आणला आणि येताना वाटेतच वाचला. आकड्यांच्या दोन ओळी. त्यांचं एकमेकींशी काही म्हणजे काहीच जमत नव्हतं. ही दोन माणसं बापाच्या बाजूनं एका कुळातली नव्हेत, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ओट्यावर गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाले, "रद्द?" मी मान हलवली.

बाजाराच्या दिवशी म्हातारे आले. पुरचुंडी ठेवायच्या आतच हे म्हणाले, "अमेरिकेचा कागद आला. आपला काही संबंध नाही." आवाज घोषणेचा होता आणि ओट्याखाली माणसं उभी होती. बाजारभर झालं. "बरा," एवढं बोलून म्हातारे पुरचुंडी परत उचलून गेले. त्यानंतर कित्येक बाजार आले, पण ओट्यावर कोणी टेकलं नाही. घरमालकांनी डिरेक्टऱ्या रद्दीत घातल्या. नव्या माणसाला आडनाव विचारणं बंद केलं. छत्रीवाले चाचा मला म्हणाले, "बाई, साहेबांना काय झालं? या वर्षी मला विचारलंच नाही."

मग एकदा एका विद्यार्थिनीला बघायला मी सरकारी दवाखान्यात गेले होते, तर पलीकडच्या खाटेवर म्हातारे. खोकल्यानं पार वाळलेले. उशाशी एक बाई बसली होती. मी ओळख काढली आणि विचारलं, "तुमचे सासरे ना?"

"सासरा नाय, बाय. माझा बापूस."

"आणि तुमचे मालक? बाजाराला पाकीट घेऊन आले होते ते? मी त्यांना यांचा मुलगा समजत होते."

"तो दाभोशाचा," ती सहज म्हणाली. "आबाला पोरगा नाय. मंग तो आमचे घरी आला, आमचा झाला. नाव आमचाच लावतो."

मी तिथंच खाटेच्या कडेला टेकले. घरजावई! पाकीट आणलं होतं ते त्यानं, आणि कांडीही त्याच्याच गालाची. जगातल्या प्रत्येक माणसाला 'कुठून आलात' विचारणाऱ्या आमच्या घरमालकांनी हा प्रश्न एका घरात तेवढा विचारला नव्हता, कारण त्या घराचं आडनाव त्यांना आधीच माहीत होतं. आणि पाड्यावर तरी कोणाच्या डोक्यात येणार? पाहुण्यानं मागितला होता घरातला पुरुष, घराचं आडनाव लावणारा. त्यांनी घरातला सगळ्यात चांगला दिला. म्हातारे नंतर म्हणाले, "माझी थुकी तंबाखूची. त्याची जवान, चोख."

मी जवळजवळ पळतच घरी आले. डबीत एक कांडी शिल्लक होती. इतक्या महिन्यांनी ती चालेल की नाही, याचीही मला खात्री नव्हती. घरमालकांनी मात्र मी काय म्हणते ते पुरतं ऐकलंही नाही. पायात चपला सरकवल्या, कांडी खिशात घातली आणि दवाखान्याकडं निघाले. म्हाताऱ्यांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"भाऊ, एकदा तोंड उघड. गालाला आतून घासायची, बस. मागचा कागद चुकला."

म्हाताऱ्यांनी खाटेच्या पायथ्याशी पाहिलं. तांब्या घेऊन जावई उभा होता. "याची दिली होती ना?"

"त्याची चालत नाही," हे म्हणाले. "तो जावई आहे."

जावयानं तांब्या खाली ठेवला आणि तो बाहेर गेला. भांडण नाही, काही नाही. म्हातारे बराच वेळ खोकत राहिले. मग बोलले ते तुटक तुटक, पण मला शब्द न् शब्द आठवतो.

"पाड्यानं त्याला माझे पदरात घातला. गावजेवन झाला. तवापासून त्याला कोन जावई बोलला नाय. तू बोललास." त्यांनी दाराकडं पाहिलं. "त्याची चालत नाय, माझी चालते. असा कागद आला, तर तो माझे घरात कोन? उद्या माझे मागं त्याला कोन ऱ्हाऊ देल? मला भाऊ नको का? पायजे. पन पोर देऊन नको."

आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं, लहान मूल औषधाला मिटतं तसं.

आमचे घरमालक कांडी हातात धरून उभे होते. आयुष्यभर जे मागितलं ते वीतभर अंतरावर होतं. हट्ट केला असता, तर आजारी माणसाचं तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मला वाटतं, त्यांच्या मनात तेही येऊन गेलं. मग त्यांनी कांडी खिशात घातली आणि ते बाहेर गेले. जावई पायरीवर बसला होता. माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच्याशेजारी बसून त्यांनी विचारलं, "चहा झाला का?" तो म्हणाला, "नाय." मग दोघं चहाला गेले. पुढच्या बाजारापासून पुरचुंडी पुन्हा ओट्यावर येऊ लागली. घेऊन येणारा जावई असायचा.

नागलीची कापणी चालू असताना म्हातारे गेले. जीपवाल्याकडून निरोप आला. कॉलेजला सुट्टी होती आणि यांच्या गुडघ्यांना आता चढ झेपत नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. पाड्यावर पोचलो तर अंगणात माणसं उभी आणि तिरडी जागची हललेली नाही. आगीचं मडकं धरून पुढं कोण चालणार, यावर अडलं होतं. म्हाताऱ्यांच्या बहिणीचा मुलगा वांगणीहून आला होता. ठाण्याला कामाला जाऊन आलेला, बोलण्यात तिकडची धार. मडक्याचा वाद मडक्यापुरता नसतो. जो मडकं धरतो, त्याच्याकडं घर आणि उतारावरचं शेत जातं, हे सगळ्यांना कळत होतं.

"ह्याचा हक काय?" भाचा म्हणत होता. "बाहेरचा आदमी. अमेरिकेचा कागद आला, रिजल्ट फेल आला. बाजाराला सगळा मालूम हाय. हे नावाचा ह्याचे अंगात एक थेंब नाय." मग त्याला आमचे घरमालक दिसले. "हे आले जव्हारवाले. नाव तेच लावतात. कागद त्यांचेकडं हाय. त्यांनीच सांगावा कोनाचा कोन."

जावई मडक्यापाशी खाली मान घालून उभा होता. त्याची बायको दाराशी. सगळं अंगण आमच्याकडं वळलं.

मी या माणसाला ओळखत होते. सरकारी गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर तीनच म्हणणारा हा माणूस. सोयीसाठी त्यानं कधी पाच म्हटले नव्हते. ते पुढं झाले. आवाज तोच, स्टँडवरचा.

"पहिला कागद चुकला होता," ते म्हणाले. "दुसरा आला. हा आणि मी एका रक्ताचे. हा माझा भाऊबंद आहे. शंका असेल तर बाईंना विचारा, त्या हेच शिकवतात."

त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा माणूस दाभोशात जन्मला. कसला कागद आणि कसलं रक्त! पण कोणी हसलं नाही. पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या, जणू इतक्या वर्षांपूर्वी गावजेवण घालून त्यांनी जे केलं होतं, ते आता अमेरिकेलाही कळलं. भाचा माझ्याकडं वळला. "बाय, खरा का?"

वर्गात मी मुलांना सांगत आले होते, की निरीक्षणात नाही ते वहीत लिहायचं नाही. दोन ओळींचे ते आकडे माझ्या डोळ्यांपुढं होते.

"खरं आहे," मी म्हणाले.

जावयानं मडकं उचललं. भाचाही मग मुकाट्यानं तिरडीला खांदा द्यायला पुढं आला. बायका दाराशी थांबल्या, त्यांच्यात मीही थांबले आणि मला रडू आलं. आता या दोन घरांचं नातं काय ते कधीच कळणार नव्हतं. कळण्याची वाट म्हाताऱ्यांबरोबर गेलीच होती, आता तो प्रश्न विचारण्याची वाटही या माणसानं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत बंद करून टाकली होती.

घरी आल्यावर दार उघडण्याआधी ते मागं वळून म्हणाले, "बाई, दहा दिवस माझ्या देवापुढं दिवा तुम्ही लावा. मला सुतक आहे." मी हो म्हणाले. त्या दहा दिवसांत त्यांनी ते वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला कारण नसताना सांगितलं. प्रसाद घेऊन आलेल्या शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं.

दहाव्याला ते पुन्हा पाड्यावर गेले. संध्याकाळी मी स्टँडवर भाजी घेत होते, तर ते जीपमधून उतरताना दिसले. मिशी नाही, डोकं गुळगुळीत, उघड्या कानांनी एकदम पोरसवदा दिसत होते. चाचांनी छत्री बाजूला ठेवली आणि ते उठून उभे राहिले.

"साहेब, हे काय? कोण गेलं?"

"भाऊ गेला माझा," ते म्हणाले, आणि भर स्टँडवर, गाड्या लागत होत्या तिथं, हमसून हमसून रडू लागले.